कशाभिकेतील कॅल्शियम-बंधक प्रथिने : पोहणे बिघडत नाही, मग परजीवी हरतो कसा?

काचपट्टी

परजीवीशास्त्राच्या तासाला मी ट्रिपॅनोसोमा या एकपेशीय परजीवीची आकृती फळ्यावर काढते, तेव्हा विद्यार्थी कशाभिकेकडे, म्हणजे त्याच्या शेपटीसारख्या तंतूकडे, बोट दाखवून ‘हे पोहण्याचे साधन’ असे एका सुरात सांगतात. उत्तर चूक नाही. मात्र त्या कशाभिकेच्या पटलाला (मेदद्रव्यांच्या पातळ आवरणाला) आतल्या बाजूने चिकटलेल्या काही प्रथिनांची हकीकत सांगायला घेतली, की हे उत्तर तोकडे पडू लागते आणि तास संपेपर्यंत वर्गाइतकीच मीही पेचात पडलेली असते. यंदा तो पेच येथे मांडते आहे. जाणकारांनी मोकळेपणाने चिरफाड करावी.

आधी पात्रपरिचय. ट्रिपॅनोसोमा हे नाव पॅरिसमधील ग्रुबी या वैद्यकाने १८४३ मध्ये बेडकाच्या रक्तात आढळलेल्या एका पीळदार जीवाला दिले. ग्रीक भाषेत ट्रिपॅनॉन म्हणजे सुताराचे गिरमिट, आणि हा जीव पुढे सरकताना खरोखरच गिरमिटासारखा फिरतो. त्याच्या दोन जाती माणसाला विशेष जाचक ठरल्या आहेत. आफ्रिकेतील ट्रिपॅनोसोमा ब्रुसी त्से त्से माशीमार्फत पसरतो आणि निद्रारोग घडवतो. मध्य व दक्षिण अमेरिकेतील ट्रिपॅनोसोमा क्रुझी रक्त पिणाऱ्या एका ढेकणाच्या विष्ठेतून पसरतो आणि चागास रोग घडवतो, ज्याचे वर्णन कार्लोस चागास यांनी १९०९ साली ब्राझीलमध्ये केले. पहिला रक्तात उघड्यावर राहतो, दुसरा आपल्या पेशींत शिरून तेथे वाढतो. राहणी इतकी वेगळी असली तरी दोघांनाही कशाभिका एकच, आणि दोघांच्याही कशाभिकेत कॅल्शियम धरणारी, एकमेकांशी नाते सांगणारी प्रथिने असतात.

क्रुझीतील प्रथिन आधी सापडले. डेव्हिड एंगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्याचे वर्णन केले. वजन २४ किलोडाल्टन आणि मुक्काम कशाभिकेत. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एफसीएबीपी म्हणतात. ब्रुसीमधील त्याची भावंडे टीबी-१७, टीबी-२४ आणि टीबी-४४ या नावांनी १९९४ च्या सुमारास उजेडात आली, आणि पुढे या कुटुंबाला कॅल्फ्लॅजिन हे सुटसुटीत नाव रूढ झाले.

मला स्वतःला मोह पडतो तो या प्रथिनांच्या पत्त्याचा. पेशीत हजारो प्रकारची प्रथिने तयार होत असताना हेच नेमके कशाभिकेत कसे जाऊन पोहोचते? एफसीएबीपीची पहिली २४ ॲमिनो अम्ले त्यासाठी पुरतात. एवढाच तुकडा एखाद्या परक्या प्रथिनाला जोडला, तर तेही मुकाट्याने कशाभिकेत जाऊन बसते. या तुकड्यात दुसऱ्या क्रमांकावर ग्लायसीन असते, त्याला मिरिस्टिक आम्ल जोडले जाते. चौथ्या क्रमांकावर सिस्टीन असते, त्याला पामिटिक आम्ल जोडले जाते. यांतील पहिल्या मेदाम्लाचे नाव जायफळावरून पडले आहे (श्रीखंडात किसून घालतो त्याच जायफळावरून), आणि दुसऱ्याचे पामतेलावरून. ब्रुसीमध्ये हे दोन्ही टप्पे वेगवेगळे करून पाहिले गेले आहेत. मिरिस्टिक आम्ल जोडलेले नसेल तर कॅल्फ्लॅजिन पेशीद्रवात भटकत राहते. ते असेल पण पामिटिक नसेल, तर प्रथिन पटलापर्यंत येते खरे, परंतु कशाभिका सोडून सगळ्या शरीराच्या पटलावर पसरते. ब्रुसीकडे पामिटिक आम्ल जोडणारी १२ विकरे आहेत. ती एकेक करून दाबून पाहिली तेव्हा केवळ सातव्या क्रमांकाच्या विकरावाचून कॅल्फ्लॅजिनचे अडले. हा निष्कर्ष २००९ मधील आहे.

आता पेच. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, एंगमन यांच्याच गटाने ब्रुसीतील सगळी कॅल्फ्लॅजिन प्रथिने आरएनए इंटरफिअरन्सच्या (जनुकाचा संदेश नष्ट करून प्रथिन बनू न देण्याच्या) तंत्राने एकत्रच दाबून टाकली. काचपात्रातील परजीवी नेहमीसारखे पोहत होते, नेहमीसारखे विभागत होते, त्यांचे पेशीचक्रही बिनबोभाट चालू होते. मग तेच परजीवी उंदरांना टोचले. मूळ वाणाने उंदीर ६ ते १० दिवसांत दगावत, कारण रक्तातील परजीवींची संख्या न थांबता वाढत जाई. कॅल्फ्लॅजिन दाबलेल्या वाणाच्या बाबतीत मात्र आठव्या दिवसाच्या आसपास ती संख्या एकाएकी कोसळली, उंदीर कितीतरी अधिक काळ जगले, आणि नंतर परजीवी लाटालाटांनी परत येत राहिले.

प्रथिन कशाभिकेत आहे. त्याच्यावाचून कशाभिका उत्तम चालते. तरीही त्याच्यावाचून परजीवी यजमानात टिकाव धरत नाही. याचा अर्थ आपण कसा लावावा?

अडाणी_पण_उत्सुक

लेख दोनदा वाचला आणि बराचसा कळला, म्हणून धीर करून विचारतो. कॅल्शियम म्हटले की आम्हांला दूध आणि हाडे आठवतात. एका पेशीच्या जीवाला ना हाडे ना दात. मग त्याच्या शेपटीत कॅल्शियम धरणाऱ्या प्रथिनाचे प्रयोजन काय? आणि ‘धरणे’ म्हणजे नेमके काय होते, हे कोणी सोपे करून सांगेल का?

हेलिक्स

प्रश्न अगदी मुळाशी हात घालणारा आहे, त्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

पेशीच्या दृष्टीने कॅल्शियम हा बांधकामाचा माल नाही, तो निरोप आहे. रक्तात मुक्त कॅल्शियमचे प्रमाण सुमारे १ मिलिमोलर असते, तर पेशीद्रवात ते त्याच्या दहा हजारांश, म्हणजे १०० नॅनोमोलरच्या आसपास राखले जाते. पेशी दिवसरात्र ऊर्जा खर्चून कॅल्शियम बाहेर तरी काढत असते किंवा आतल्या कोठारांत तरी भरत असते. ट्रिपॅनोसोमांकडे तर यासाठी आम्लधर्मी, कॅल्शियमने भरलेल्या खास पिशव्या असतात. धरणाच्या भिंतीपलीकडे पाणी तुंबलेले असताना एखादा दरवाजा क्षणभर उघडला, तरी खालच्या कोरड्या पात्रात लगेच लोंढा दिसतो. पेशीत कॅल्शियमचा निरोप तसाच पसरतो.

हा लोंढा ओळखणाऱ्या प्रथिनांमध्ये एक ठरावीक घडण पुन्हा पुन्हा सापडते, तिला ईएफ-हात म्हणतात. नावाचा उगम गमतीचा आहे. रॉबर्ट क्रेट्सिंजर यांनी १९७३ मध्ये कार्प माशाच्या स्नायूतील पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाची रचना उलगडली. त्यातील सर्पिलांना (मळसूत्रासारख्या वळलेल्या भागांना) ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली होती, आणि ई व एफ या दोन सर्पिलांच्या बेचक्यात कॅल्शियम बसलेले आढळले. उजव्या हाताची तर्जनी ताठ धरावी, अंगठा तिच्याशी काटकोनात उभा करावा आणि उरलेली बोटे तळव्याशी दुमडावीत. तर्जनी म्हणजे ई, अंगठा म्हणजे एफ, आणि दुमडलेल्या बोटांचे वळण म्हणजे १२ ॲमिनो अम्लांचा तो पाश, ज्यात कॅल्शियमचा आयन अडकतो. आयन बसताच दोन सर्पिलांमधील कोन बदलतो, प्रथिनाचा आतला भाग उघडा पडतो, आणि त्याला कोणते तरी दुसरे प्रथिन किंवा पटल येऊन चिकटू शकते. ‘धरणे’ हा शब्द त्यामुळे शब्दशः घ्यायलाही हरकत नाही.

एफसीएबीपीत असे चार हात आहेत, पण त्यांतील पहिले दोन नावापुरतेच. कॅल्शियम तिसऱ्या आणि चौथ्या हातातच बसते. आता मूळ लेखात थोडी भर घालतो. आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलात रिकव्हरिन नावाचे एक प्रथिन असते, त्यालाही मिरिस्टिक आम्लाची शेपटी असते. कॅल्शियम नसताना रिकव्हरिन ती शेपटी पोटाशी दडवून ठेवते आणि कॅल्शियम आले की बाहेर काढून पटलात रोवते. एफसीएबीपीचेही तसेच असावे, असा अंदाज होता, कारण १९९९ च्या प्रयोगांत असे दिसले की पेशीला छिद्रे पाडून कॅल्शियम काढून घेतले की प्रथिन कशाभिकेच्या पटलावरून सुटून जाते, आणि कॅल्शियम ठेवले तर तेथेच राहते. परंतु २००८ मध्ये स्फटिकरचना हाती आली तेव्हा रिकव्हरिनचे चित्र येथे जसेच्या तसे लागू पडेना, कारण या प्रथिनाची मेदशेपटी दोन्ही स्थितींत बाहेरच असते. म्हणजे बदल आणखी कोठे तरी घडतो. २०११ मधील कामातून त्याच २४ अम्लांच्या तुकड्यातील धनभारित लायसीन या ॲमिनो अम्लांचेही महत्त्व पुढे आले; ती बदलली की प्रथिनाचा पत्ता चुकतो. पटलाची आतली बाजू ऋणभारित असते, हे ध्यानात घेतले तर त्याची संगती लागते.

गोठ्यातला_डॉक्टर

चर्चा रेणूंच्या पातळीवर चालली आहे, त्यात माझ्यासारख्या पशुवैद्यकाने काय बोलावे, असे आधी वाटले. परंतु ज्या जीवाबद्दल आपण बोलत आहात, त्याचा सख्खा भाऊ मी विदर्भात वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, म्हणून लिहितो.

आपल्याकडे घोडे, उंट, म्हशी आणि गुरे यांना होणारा सर्रा हा रोग ट्रिपॅनोसोमा इव्हान्सीमुळे होतो. ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने तो १८८० मध्ये तेव्हाच्या पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात पाहिला. रोगकारक ठरलेला तो पहिला ट्रिपॅनोसोम. हा जीव मूळचा ब्रुसीचाच फाटा, पण त्याने त्से त्से माशीला कायमची रजा दिली. तिच्या पोटात जगण्यासाठी लागणारी जनुकीय सामग्रीच त्याने गमावली असल्याने तो आता चावऱ्या घोडमाश्यांच्या सोंडेवर बसून एका जनावराच्या रक्तातून थेट दुसऱ्याच्या रक्तात जातो.

पावसाळा संपता संपता ताप आलेले, पोटाखाली सूज उतरलेले जनावर आणतात. कानाच्या कडेच्या शिरेला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर आवरणकाच ठेवायची आणि ताबडतोब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. नवशिक्याला परजीवी लवकर दिसत नाही, कारण तो पारदर्शक आणि अतिशय चपळ असतो. दिसतात त्या तांबड्या पेशी: शांत पडलेल्या हजार पेशींमध्ये एखाद्या ठिकाणीच चार-सहा पेशी अचानक हलू लागतात, धक्के खातात, बाजूला सरकतात. नजर तेथे स्थिर केली की त्यांच्या मधून एक वळवळती रेघ निघताना दिसते. काच सुकू लागली की ती वळवळ मंदावते. एकदा उन्हाळ्यात एका नमुन्याची तपासणी व्हायला इतका उशीर झाला, की ‘काही आढळले नाही’ असा शेरा आला आणि दरम्यान घोडी गेली. तेव्हापासून मी सूक्ष्मदर्शक गाडीत घेऊनच फिरतो.

हे सगळे सांगण्याचे कारण एकच. त्या वळवळीकडे पाहताना कोणालाही वाटेल की याचे सामर्थ्य पोहण्यात आहे. पोहणे शाबूत राहूनही त्याचे बळ जाते, ही गोष्ट माझ्या डोळ्यांच्या सवयीला पटायला जड जाते आहे.

शंकासुर

माझे नाव पाहता मी शंका घेतल्याचे कोणाला नवल वाटू नये.

पहिली शंका अशी की, ‘पोहणे नेहमीसारखे’ हा निष्कर्ष काचपात्रातला आहे. तेथे ना प्रतिपिंडे, ना वाहते रक्त, ना तांबड्या पेशींची दाटी, ना केशवाहिन्यांच्या भिंती. अशा मोकळ्या मैदानात धावण्याची परीक्षा घेऊन बाजाराच्या गर्दीत कोण कसा चालेल, हे सांगता येत नाही. दुसरी शंका अशी की, मूळ वाणच अवाजवी आक्रमक होते. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेली ब्रुसीची वाणे उंदराच्या रक्तात बेबंद वाढतात आणि यजमानाला सावरायला अवधीच देत नाहीत. निसर्गातील ट्रिपॅनोसोम लाटालाटांनी येतो आणि यजमानाला दीर्घकाळ जिवंत ठेवतो. त्यामुळे कॅल्फ्लॅजिन दाबलेला परजीवी ‘हरला’ असे म्हणण्याऐवजी तो निसर्गातल्यासारखा वागू लागला, असे म्हणणेही तितकेच योग्य ठरेल. मूळ लेखिकेने शीर्षकातच ‘हरतो’ हा शब्द घालून निकाल आधी लावला आहे.

काचपट्टी

शंकासुर, दुसरी शंका बिनतोड आहे आणि ‘हरतो’ या शब्दाबद्दलचा दोष मान्य. त्या प्रयोगात पुढच्या लाटांमधील परजीवींच्या अंगावरचे आवरण पहिल्या लाटेपेक्षा निराळे आढळले होते. ब्रुसीच्या सबंध शरीरावर एकाच प्रकारच्या ग्लायकोप्रथिनाचा दाट थर असतो, त्याला व्हीएसजी म्हणतात. यजमानाने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की काही परजीवी वेगळ्या व्हीएसजीचा अंगरखा चढवतात आणि निसटतात. आठव्या दिवशी संख्या कोसळली ती त्या विशिष्ट अंगरख्याविरुद्धच्या प्रतिपिंडांनी, आणि नंतर आले ते अंगरखा बदललेले. म्हणजे उंदराची प्रतिकारशक्ती तिचे नेहमीचे काम करू शकली. मूळ वाणाने ते होऊ दिले नव्हते.

पहिल्या शंकेबाबत एक जुना प्रयोग येथे उपयोगी पडतो. जर्मनीतील मार्कुस एंगस्टलर यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले की व्हीएसजीवर प्रतिपिंड चिकटले, तर पोहणारा परजीवी ते झटकून टाकू शकतो. तो पुढे जात असताना भोवतालचा द्रव अंगावरून मागे वाहतो. प्रतिपिंडाचे धूड वाऱ्यात उघडलेल्या छत्रीसारखे त्या प्रवाहात सापडते आणि व्हीएसजीसकट मागच्या टोकाकडे ढकलले जाते. तेथे कशाभिकेच्या मुळाशी एक खोलगट खिसा असतो. परजीवी जे काही गिळतो ते याच एका जागेतून गिळतो, प्रतिपिंडही तेथेच गिळले जाते, आणि अंगरखा पुन्हा स्वच्छ होतो. प्रतिपिंडे थोडी असतील तोवर ही युक्ती चालते. आता कॅल्फ्लॅजिन नसताना पोहण्याचा वेग शाबूत असेल, तर ही धुलाई वेगामुळे बिघडली, असे म्हणता येत नाही. माझा विद्यार्थी दरवर्षी येथेच अडतो, आणि मीही.

हेलिक्स

म्हणूनच कशाभिका म्हणजे केवळ वल्हे, ही कल्पना थोडी बाजूला ठेवायला हवी. तिच्या पटलाची घडणच वेगळी असते: स्टेरॉल अधिक, मेदद्रव्यांचे थर अधिक घट्ट, जणू पातळ तेलावर तरंगणारे साजूक तुपाचे थिजलेले तुकडे. दोन मेदाम्ले जोडलेली प्रथिने अशा तुकड्यांतच गोळा होतात, आणि त्यांच्या शेजारी निरोप घेणारी व पाठवणारी इतर प्रथिनेही असतात.

एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. ब्रुसीच्या कशाभिकेवर ॲडेनिलेट सायक्लेज नावाची विकरे रांगेने बसलेली असतात. २०१२ मध्ये असे दिसून आले की यजमानाच्या भक्षक पेशीने एखादा परजीवी गिळला, की तो मरता मरता या विकरांच्या साहाय्याने तिच्या आत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू सोडतो आणि तिची दाहकारक द्रव्ये तयार करण्याची क्षमता रोखून धरतो. गिळलेला मरतोच, पण रक्तातील त्याच्या भाईबंदांना सवड मिळते. हे विकरही पोहण्यासाठी नाही. कॅल्फ्लॅजिन याच साखळीत आहे, असे माझे म्हणणे नाही. परंतु कशाभिकेतील एखादे प्रथिन पोहण्याशी संबंध न ठेवता यजमानाचे पारडे कसे हलके करू शकते, याचे हे पक्के उदाहरण आहे.

शिवाय मूळ लेखात राहून गेलेला एक आकडा: माशीच्या पोटातील अवस्थेपेक्षा रक्तातील अवस्थेत कॅल्फ्लॅजिनचे प्रमाण सुमारे दहापट असते. पोहावे तर दोन्हीकडे लागते.

वॉर्ड_नंबर_५

दहापटीचा हा मुद्दा वाचून मला चंद्रपूर जिल्ह्यातील रुग्णाची आठवण झाली. विदर्भात वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या कोणालाही ती हकीकत माहीत असते. २००४ मध्ये एका शेतकऱ्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी सापडला; अनेक महिने त्याला अधूनमधून ताप येत होता आणि तापाबरोबर रक्तातील परजीवींची संख्या वरखाली होत होती. माणसातील इव्हान्सीची ती पहिली खात्रीशीर नोंद होती. नागपुरातील डॉक्टरांनी ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली आणि जागतिक आरोग्य संघटनेमार्फत आलेल्या सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला.

मग प्रश्न उरला की शतकानुशतके गुरांच्या सहवासात राहणाऱ्या बाकीच्या माणसांना सर्रा का होत नाही? उत्तर २००६ मध्ये मिळाले. माणसाच्या रक्तात एपीओएल-१ नावाचे एक प्रथिन असते, ते बहुतेक ट्रिपॅनोसोमांना फोडून टाकते. या रुग्णाच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड असल्याने त्याच्या रक्तात ते मुळीच नव्हते. त्यामुळे परजीवीच्या कशाभिकेत कितीही सोयी असल्या, तरी यजमानाच्या बाजूने एक साधे प्रथिन आड येऊ शकते, हेही या हिशेबात धरावे.

क्रुझीबद्दल एक प्रश्न. चागास रोगाच्या रुग्णांच्या रक्तात एफसीएबीपीविरुद्धची प्रतिपिंडे सर्रास सापडतात, असे वाचले आहे. प्रथिन जर पटलाच्या आतल्या बाजूला आहे, तर प्रतिपिंडांना ते दिसते कसे?

काचपट्टी

क्रुझी पेशीत वाढतो, पेशी फुटते, परजीवी बाहेर पडतात, आणि त्यांतील पुष्कळ मरतात. मेलेल्या परजीवीचे आतले सगळे सामान प्रतिकारशक्तीसमोर उघडे पडते, आणि एफसीएबीपी भरपूर असल्याने ते चटकन नजरेत भरते. म्हणूनच निदानाच्या चाचण्यांतही त्याचा उपयोग केला गेला आहे. तसेच हेच प्रथिन टीसी-२४ या दुसऱ्या नावाने लसीच्या कामात आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथील टेक्सास बालरुग्णालयाचे लस विकास केंद्र त्यावर काम करते. त्यातील सिस्टीन परस्परांत बंध जोडून प्रथिनाच्या गुठळ्या करीत, म्हणून त्या बदलून टीसी-२४-सी-४ हे सुधारित रूप केले गेले. लागण टाळण्यापेक्षा आधीच लागण झालेल्यांच्या हृदयाची हानी रोखावी, असा तेथील मुख्य हेतू आहे. या केंद्राचे एक काम आपल्याकडे घरोघरी पोहोचले आहे: मार्च २०२२ पासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेली कोर्बेव्हॅक्स ही लस मूळची तेथलीच.

गोठ्यातला_डॉक्टर

एक बारीकशी तक्रार. फ्लॅजेलमला सगळे येथे कशाभिका म्हणत आहेत, ते योग्यच आहे. कशा म्हणजे चाबूक. परंतु ट्रिपॅनोसोमाची कशाभिका चाबकासारखी मोकळी नसते. ती मागच्या बाजूने निघून जवळजवळ संपूर्ण शरीराला शिवलेली असते आणि टोक तेवढे पुढे मोकळे राहते. शिवाय लाट टोकाकडून मुळाकडे येते. चाबकात लाट मुठीकडून टोकाकडे जाते.

हेलिक्स

आणि त्या लाटेच्या दिशेशी कॅल्शियमचा संबंध आहेच, त्यामुळे तक्रार विषयाला धरूनच आहे. क्रिथिडिया या त्यांच्या कीटकवासी नातलगावर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत कॅल्शियम वाढवले की लाट उलटी, मुळाकडून टोकाकडे, जाऊ लागते, असे आढळले. काळा आजाराच्या लेश्मानियामध्ये दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी २०१६ च्या सुमारास कशाभिकेवरचे पटल धुऊन काढून ती पुन्हा चालू करून दाखवली, आणि लाटेचा प्रकार बदलण्यात चक्रीय एएमपीचा वाटा दाखवला. कशाभिकेच्या आत सांगाड्याला समांतर जो जाड दांडा असतो, त्याच्या जुळणीला कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम-बंधक प्रथिन लागते, आणि ते दाबले की कशाभिका शरीरापासून सुटूही लागते. म्हणजे पोहण्याच्या यंत्रणेतही कॅल्शियम आहे; मात्र त्या कामाला कॅल्मोड्युलिन आहे आणि कॅल्फ्लॅजिन त्या पाळीवर नाही.

शंकासुर

हे मात्र पटले. माझ्या बाजूने एक जोड देतो, कारण काचपात्रात ठणठणीत आणि यजमानात असमर्थ, असे आणखी एक उदाहरण मला आठवले, आणि त्याचा धागा पुण्यापर्यंत पोहोचतो.

कशाभिकेच्या मुळाशी सेंट्रिन नावाचे, ईएफ-हात असलेलेच प्रथिन असते. लेश्मानियातून त्याचे जनुक काढून टाकले, तर वालुमाशीच्या पोटातली, म्हणजे लांब कशाभिकेची अवस्था काचपात्रात व्यवस्थित वाढते. परंतु यजमानाच्या भक्षक पेशीत शिरल्यावर जी गोलसर अवस्था येते, तिला विभागताच येत नाही. ती काही काळ राहते, प्रतिकारशक्तीला आपली ओळख करून देते आणि संपते. याच तत्त्वावर जिवंत, दुबळ्या केलेल्या परजीवीची लस विकसित होत आहे. तिच्यासाठी त्वचारोग घडवणाऱ्या लेश्मानिया मेजरमधून २०२० मध्ये क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने सेंट्रिन काढण्यात आले, आणि तिच्या निर्मितीच्या कामात पुण्याच्या जेनोव्हा या कंपनीचा सहभाग आहे. सेंट्रिनच्या बाबतीत कारण कळले आहे, ते विभाजनात अडते. कॅल्फ्लॅजिनच्या बाबतीत विभाजनही ठीक आणि पोहणेही ठीक, म्हणून तुमचा पेच अधिक गोड आहे.

अडाणी_पण_उत्सुक

एक शेवटचे विचारून घेतो. ही जी गोलसर, पेशीच्या आतली अवस्था आहे, तिला कशाभिका नसते ना? मग क्रुझी पेशीच्या आत असताना ते एफसीएबीपी जाते कोठे?

काचपट्टी

कोठेच जात नाही, ते त्या अवस्थेतही असते. क्रुझीच्या गोलसर रूपाला आखूड, खुंटासारखी कशाभिका असते, शरीराबाहेर जेमतेम डोकावणारी, आणि एफसीएबीपी तिच्यात असते. तो खुंट निर्जीव आणि निरुपयोगी आहे, असेच आम्ही शिकलो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र यजमान-पेशीच्या आत असलेल्या या खुंटाची चलत्चित्रे घेतली गेली, आणि तो चक्क हलताना दिसला, अधूनमधून, झटक्याझटक्याने. त्या हालचालीने परजीवी कोठे जात नाही. पेशीत जायला जागाही नसते.

आमच्या विभागाच्या टिपणांत या अवस्थेपुढे ‘कशाभिकाहीन’ असे छापलेले आहे. ती टिपणे मीच केलेली आहेत आणि गेली नऊ वर्षे तीच वाटली जातात. आज त्या शब्दावर रेघ मारून वर ‘आखूड, हलती कशाभिका’ असे लिहिले आहे. गोठ्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेली ओली काच या वेळी तासाच्या आधीच दाखवावी म्हणते, म्हणजे निदान तांबड्या पेशींना बसणारे धक्के पाहूनच विद्यार्थी आकृतीकडे वळतील.